नाशकात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहून द्या, असं पत्र आलं. विषय छापील आहे, म्हणजे सगळ्यांना तोच गेला असणार. स्नेहसंमेलन, कवायत, मधल्या सुट्टीतली भेळ, पावसाळ्यात गळणारा आठवीचा वर्ग यांवर बाकीचे लिहितीलच. संपादक मंडळाने राग मानू नये, मी फक्त सरांवर लिहिणार आहे. कोणते सर, हे आमच्या आगेमागे शिकलेल्या कुणाला सांगावं लागणार नाही. शाळेत सर पुष्कळ होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की विज्ञानाचे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, सायकलच्या कॅरिअरला करकचून बांधलेला डबा, आणि शरणपूरहून येताना वाटेत भेटेल त्या पोराला एकच प्रश्न, “काय रे, आज वारा कुठून आहे?”

नववीतली गोष्ट. मागच्या पत्र्याच्या खोलीत पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग होता. स्पिरिटचा दिवा, तिवई, जाळी, चंचुपात्र, तापमापी. पुस्तकात १०० अंश सेल्सिअस छापलेलं होतं आणि निम्म्या वर्गाने दिवा पेटवायच्या आधीच वहीत १०० लिहून ठेवलं होतं. पाणी उकळायला लागलं, पारा चढत चढत ९८ पर्यंत गेला आणि तिथेच बसला. आम्ही म्हटलं, तापमापी खराब. सरांनी दुसरी दिली. तीही ९८. मग कपाटातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या तापमाप्या निघाल्या. कुठे अर्ध्या अंशाचा फरक, पण शंभरापर्यंत एकही जाईना. कुणीतरी म्हणालं, पुस्तक चुकलंय. दुसरा म्हणाला, नळाचं पाणी आहे सर, गंगापूर धरणाचं, त्यात काहीतरी असेल. सर खिडकीला टेकून ऐकत होते. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा एवढंच म्हणाले, “जे दिसलं ते लिहा. का दिसलं ते सहलीत बघू.”

सहल ठरल्याप्रमाणे त्र्यंबकला. नाशकातल्या शाळेची सहल दुसरीकडे कुठे जाणार! पण त्या वर्षी ब्रह्मगिरी चढताना सरांच्या एका हातात पितळी स्टोव्ह होता आणि खांद्यावरच्या शबनममध्ये टॉवेलात गुंडाळलेल्या तापमाप्या. स्टोव्ह दुसऱ्या कुणाला धरू देईनात. वर मूळगंगेच्या देवळापाशी सरांनी बूट काढले, बाहेरूनच हात जोडले, आणि थोडं पलीकडे जाऊन वाऱ्याच्या आडोशाला स्टोव्ह मांडला. आडोसा कसला, वारा चहूकडून येत होता. आम्ही सतरंजी धरून उभे राहिलो. माकडांनी तेवढ्यात पुऱ्यांची पिशवी पळवली, तिकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. दर्शनाला आलेली माणसं थबकून बघत. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलंच, “गुरुजी, हे कसलं अनुष्ठान म्हणायचं?” सर म्हणाले, “पाण्याचं, माई.” बाईंनी लांबूनच स्टोव्हला नमस्कार केला.

पाणी उकळलं. पारा साडेपंच्याण्णवच्या जरा वर थांबला.

मग सरांनी त्याच पाण्यात चहापूड टाकली आणि फुळकवणी चहा पिता पिता समजावून सांगितलं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, आपण बसलोय ती जागा १३०० च्या आसपास. जितकं वर जावं तितकी डोक्यावरची हवा कमी, हवा कमी तितका दाब कमी, आणि दाब कमी असला की पाणी कमी तापमानालाच उकळतं. मोटामोटी तीनशे मीटरला एक अंश. म्हणून डोंगरावर डाळ शिजता शिजत नाही आणि म्हणूनच, वाफ कोंडून दाब वाढवायला, घरच्या कुकरला शिटी असते. पुस्तकातले शंभर अंश हे समुद्राकाठचे. “आपलं गाव अठ्ठ्याण्णवचं आहे,” सर म्हणाले, आणि हे असं म्हणाले की आमची छाती फुगली. द्राक्षं, चिवडा, कुंभमेळा यांच्या जोडीने नाशिकला हा एक मान मिळाल्यासारखं वाटलं.

पुढे शिकणं म्हणजे इंजिनिअरिंग, नाहीतर वडिलांसारखं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चिकटणं, एवढंच आमच्या पंचवटीतल्या घराला माहीत होतं. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात सर घरी आले. शाळा सोडून मला दोन वर्षं झाली होती, तरी आले. ओट्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, याला बी.एस्सी. करू द्या, फिजिक्स घेऊ द्या, आणि मुंबईला विल्सनला पाठवा. विल्सन म्हणजे मिशनचं कॉलेज. आजी आतून बाहेर आली. सर ख्रिस्ती, हे तिला ठाऊक होतं आणि सरांबद्दल आदरही होता, पण तिने आडपडदा ठेवला नाही. “मास्तर, तिथं पोराला बाटवतील हो.” वडील कानकोंडे झाले. सर मात्र हसले. “आजी, मी त्याच कॉलेजात शिकलो, पण मी जन्माचाच ख्रिस्ती, तेव्हा माझ्यावरून काही सिद्ध होत नाही. याला फिजिक्स बाटवेल तेवढंच.” आजीला उत्तर कितपत कळलं कोण जाणे. पण तिने चहा टाकला, म्हणजे परवानगी मिळाली.

१९८० च्या जूनमध्ये पंचवटी एक्स्प्रेसने निघालो. सरांनी प्रवासाचाही अभ्यास दिला होता. त्या काळी इगतपुरीला विजेचं इंजिन बदलायचं, कारण नाशिककडून २५,००० व्होल्टची एसी लाइन आणि मुंबईकडून १,५०० व्होल्टची डीसी, दोन्ही तिथे भेटत. परतीच्या वाटेवर कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं, बँकर, लागतात, ती का, याचं गणित करून कळव, असं सांगितलं होतं. थळ घाटाचा चढ ३७ मीटरला एक मीटर. म्हणजे घर्षण सोडून दिलं तरी गाडीच्या दर ३७ टन वजनामागे एक टनाची ओढ नुसती घसरू नये म्हणून लागते. कललेल्या पृष्ठभागाचं हे उदाहरण सगळ्या पुस्तकांत असतं, पण तिथे ठोकळा असतो. सरांनी त्या ठोकळ्यात मला बसवलं.

कॉलेजची चौपाटीवरची १८८९ ची ती दगडी इमारत सगळ्यांनी पाहिलेली असेल. मी राहायला मॅकिकन हॉलमध्ये. हॉस्टेलच्या पोरांना मॅकिकन म्हणजे मेस आणि पाण्याची वेळ, याहून जास्त माहिती नव्हती. मला होती, कारण सर त्याच हॉस्टेलात राहिले होते. ड्यूगल्ड मॅकिकन हे विल्सनचे प्राचार्य, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. पण इकडे येण्याआधी ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी एक नाजूक मापन केलं होतं. विद्युतभार मोजायची दोन एककं, एक स्थिर विजेवरून ठरलेलं, दुसरं वाहत्या विजेच्या चुंबकीय परिणामावरून. त्या दोहोंचं गुणोत्तर काढायचं. ते निघतं वेगाच्या एककात, आणि मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या सिद्धांताप्रमाणे ते प्रकाशाच्या वेगाइतकंच यायला हवं. आलं तर प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर. मॅकिकनांचा निबंध १८७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्याच वर्षी मॅक्सवेलचा मोठा ग्रंथ बाहेर आला. सर हे सांगताना आवाज खाली आणायचे, घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसा. “धर्म सांगायला आलेला माणूस आधी हे मोजून आला होता, लक्षात ठेव.”

लॅबमध्ये आम्ही न्यूटन्स रिंग्ज, केटरचा लंबक, स्पेक्ट्रोमीटर या प्रयोगांत बुडालेलो. चौपाटीच्या खाऱ्या वाऱ्याने पितळेच्या व्हर्निअरवर, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीवर, हिरवट थर चढे, तो पुसण्यात अर्धं प्रॅक्टिकल जायचं. जर्नलवर सही मिळणं हाच मोक्ष. पहिल्या टर्मला एका दुपारी, काम आटोपल्यावर, मी नुसतंच पाणी उकळून पाहिलं. पारा शंभराला टेकला. लगेच सरांना कार्ड टाकलं, ‘शंभर मिळाले.’ आठवड्यात उत्तर आलं, त्यांच्या त्या गोल गोल अक्षरात: ‘यात तुझं काही नाही, समुद्राचं आहे. बॅरोमीटरचं रीडिंग कळवलं नाहीस. त्याशिवाय शंभर ही ऐकीव गोष्ट.’ लॅबच्या भिंतीवर हवेचा दाब मोजणारा, पाऱ्याचा फोर्टिनचा बॅरोमीटर होताच. मुंबईत पारा ७५-७६ सेंटिमीटरला, नाशकात ७१ च्या आसपास. पुढच्या कार्डापासून मजकुराच्या वर डाव्या कोपऱ्यात मी रीडिंग घालू लागलो, लोक श्री घालतात तसं.

मिशनच्या कॉलेजात फिजिक्स शिकणं म्हणजे वेगळं काय, असं आजही काही जण विचारतात. वर्गात काहीच वेगळं नव्हतं. आजीची भीती अनाठायी ठरली, मला कुणी काही बाटवलं नाही. एकदा मात्र ऑप्टिक्सच्या तासाला एका वांद्र्याच्या मुलाने उभं राहून प्राध्यापकांना विचारलं, “सर, उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या दिवशी प्रकाश होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस सोर्स कोणता?” वर्ग हसला. प्राध्यापक स्वतः दर रविवारी चर्चमध्ये उपदेश करणारे. ते शांतपणे म्हणाले, “तो प्रश्न रविवारी विचार. आज सोडियमच्या ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमच्या दोन रेषा मला वेगळ्या करून दाखव.”

मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. सरांना लिहिलं. त्यांचं उत्तर या वेळी कार्डात मावलं नाही, आंतरदेशीय पत्र आलं. त्यात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेबद्दल होतं. मॅक्सवेल तिथले पहिले प्राध्यापक, आणि तिच्या दारावर स्तोत्रसंहितेतलं एक वचन लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. परमेश्वराची कृत्यं थोर आहेत आणि ज्यांना ती आवडतात ते ती शोधून काढतात, असा त्याचा अर्थ. खाली सरांनी लिहिलं होतं: ‘उत्पत्तीचं पुस्तक कोणी केलं ते सांगतं, रीडिंग देत नाही. रीडिंग तू घे.’ खरं सांगायचं तर तेव्हाही मला हे पुरतं पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मी देवळातही फारसा जात नाही. पण सर माझ्याशी या विषयावर शेवटपर्यंत पत्रातून भांडले आणि मला गप्प करण्यासाठी एकदाही वय पुढे केलं नाही. अशी माणसं मला नंतर कमी भेटली, दोन्ही बाजूंना.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण पत्रात तशी सूचना आहे. बी.एस्सी. नंतर काही वर्षं नोकरी केली. मग अंबडला स्वतःची कॅलिब्रेशन लॅब काढली. तापमापी, प्रेशर गेज, वजनं, व्हर्निअर, मायक्रोमीटर, सगळं तपासून दाखला देतो. अशा लॅब तपासणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता आहे. सातपूर, सिन्नर, दिंडोरीपासून काम येतं. आणि अजूनही अधूनमधून एखाद्या कारखान्याचा माणूस नवा कोरा थर्मामीटर टेबलावर आपटतो. “साहेब, हा बाद आहे. उकळत्या पाण्यात घालून पाहिला, अठ्ठ्याण्णवच दाखवतो.” मी त्याला बसवतो, भिंतीवरचा दाब दाखवतो, चहा पाजतो. थर्मामीटर बरोबर असल्याचा दाखला देतो. फी मात्र घेतो. सरांना हे आवडलं नसतं.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात सभेसाठी शाळेत गेलो. कार्यालयात मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. त्यात सर नाहीत, कारण ते मुख्याध्यापक झालेच नाहीत. का झाले नाहीत हे जुन्या मंडळींना चांगलं माहीत आहे, स्मरणिकेत ते नको. पत्र्याची खोली पाडली आहे. तिथे डिजिटल वर्ग आहे, एसी आहे, मोठा पडदा आहे. मुलांनी मला उत्साहाने एक चित्रफीत दाखवली: चंचुपात्र, ज्योत, बुडबुडे, आणि तापमापीचा आकडा बरोब्बर १०० वर. पडद्यावरचं पाणी नाशकातही शंभरालाच उकळतं. तापमापी हातात धरलेलं त्या वर्गात कोणी नव्हतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “काच फुटते, पारा सांडतो, पालक तक्रार करतात.” त्यांचं काही चुकत नाही. पारा आता शाळेत नकोच. पण स्पिरिटची साधी तापमापी, तीही शंभराच्या पुढे जाणारी, बाजारात मिळते. मी ती नववीच्या प्रत्येक मुलाला एक याप्रमाणे द्यायला तयार आहे.

शिवाय शाळेला एक ॲनेरॉइड, म्हणजे बिनपाऱ्याचा, बॅरोमीटर देऊ केला आहे. अट एकच: नववीतल्या मुलांनी रोज सकाळी त्याचं रीडिंग पाळीपाळीने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं. समितीतल्या एका तरुण सदस्याने सुचवलं की त्यापेक्षा सेन्सर बसवू, नोंद आपोआप होईल, मोबाइलवरही दिसेल. मी नाही म्हटलं. वही लागेल, आणि वहीवर खाडाखोड चालेल. यावर पुढच्या सभेत निर्णय व्हायचा आहे. १९७८ च्या तुकडीतल्यांनी त्या सभेला जरूर यावं, मतदान झालंच तर हात कमी पडायला नकोत.