रात्रीची झडती

बायबलमधल्या १३९ व्या स्तोत्रातली १९ ते २२ ही वचने भलतीच कडवट आहेत. देवाचा द्वेष करणाऱ्यांचा मीही द्वेष करतो, अगदी पुरेपूर करतो, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. कॅथलिक धर्मगुरू रोज म्हणतात त्या प्रार्थनापुस्तकात ती गाळलेली आहेत. आमच्या मते गाळायला नको होती. कारण लगेच पुढच्या वचनात तोच माणूस म्हणतो, देवा, माझी झडती घे. त्यांची नव्हे, माझी.

निवडणुकीवरून घरच्या ग्रुपवर जुंपली की रात्री प्रार्थनेला बसलेला माणूस नेमके उलटे करतो. देवालाच आपल्या बाजूने साक्षीला बोलावतो. उठतो तेव्हा उद्याच्या भांडणाचे मुद्दे तयार असतात. शांती कुठून मिळायची?

स्वतःच्या झडतीची एक जुनी रीत इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताने घालून दिली. आधी तो सैनिक होता. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. पुढे चर्च दुभंगण्याच्या काळात, १५२७ साली, धर्मसत्तेच्या संशयावरून तो तुरुंगातही जाऊन आला. त्याच्या साधनेचे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले.

रीत १५ मिनिटांची. वसईत रोझरीनंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, नगर-सोलापूरकडे घरच्या उपासनेनंतर सहज बसते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर 'तो नक्की काय म्हणाला होता' हे बघायला हात जातोच. आधी आजच्या दोन-तीन गोष्टींबद्दल आभार, तेही नेमके: वेळेवर आलेली एसटी, शेजारणीने दिलेली वाटीभर आमटी. ही पायरी टाळली की पुढचा हिशेब कोर्टातल्यासारखा होतो. मग स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रकाश मागायचा. मग उठल्यापासून तासातासाने दिवस बघत यायचे, आधी विचार, मग शब्द, मग कृती. चुकले त्याची क्षमा, उद्यासाठी एकच ठराव, आणि शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना.

घोळ होतो तो दिवस बघताना. दुपारचा वाद आठवला की माणूस तो पुन्हा लढायला लागतो, आणि या वेळी अर्थातच जिंकतो. एका प्रसंगावर तीन मिनिटांहून जास्त गेली तर समजा की प्रार्थना थांबली, वाद सुरू झाला. तिथून पुढच्या तासावर जा. समोरच्याच्या बोलण्याबद्दल इग्नेशियसचा नियम असा: शक्यतो चांगला अर्थ लावा. लागत नसेल तर त्यालाच विचारा, तुला काय म्हणायचे होते? तरीही चूक असेल तर प्रेमाने सांगा. यातली मधली पायरी, विचारण्याची, आपण सर्रास खाऊन टाकतो.

एका वेळी एकच खोड धरा. समजा, पूर्ण न ऐकता टोमणा मारणे. वहीत आठवड्याच्या १४ ओळी आखा, दिवसाला दोन. टोमणा निसटला की त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा, कोणाच्या लक्षातही येत नाही. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या ओळीवर तेवढे ठिपके द्यायचे, रात्री दुसऱ्या ओळीवर. मग दुपार आणि रात्र ताडून बघायची, आज आणि काल, हा आठवडा आणि मागचा.

मार्गदर्शन म्हणजे आकाशवाणी नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियसला एवढेच जाणवले की शौर्याची स्वप्ने रंगवताना मजा यायची पण नंतर मन कोरडे पडायचे. संतांसारखे जगण्याचा विचार संपल्यावरही समाधान मागे उरायचे. मामांच्या मेसेजला उत्तर द्यावे का, चर्चच्या सभेत बोलावे का, असा प्रश्न असेल तर तो सात रात्री विचारा, आणि विचार संपल्यावर मागे काय उरले ते रोज एका ओळीत लिहा. पहिल्या रात्रीचा जोर धरू नका. मन उदास, करपलेले असेल त्या रात्री आधीचा निर्णय बदलायचा नाही, ग्रुप सोडायचा नाही, माणूस तोडायचा नाही. उलट अशा रात्री १५ ऐवजी १६-१७ मिनिटे बसायचे, हेही त्याचेच म्हणणे.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढले तर वही फेकू नका. टोमणे पूर्वीइतकेच असतात. आता ते मोजले जात आहेत.