याशिवाय वाचनीय

सोमवार, रात्री

तुळशीचं लग्न झालं आणि आज ऑफिसातून दिवाळी अंकांचा गठ्ठा परत गेला. वर्गणी काढून आम्ही दरवर्षी पंधरा-सोळा अंक घेतो. ते टेबलांवरून फिरतात आणि शेवटी क्लेम्स डिपार्टमेंटच्या कपाटावर धूळ खात पडतात. यंदाच्या चार अंकांत मिळून सहा विज्ञानकथा होत्या. दोन बऱ्या, एक खरोखर चांगली. बाकीच्या तिघींमध्ये एक शास्त्रज्ञ, एक गुप्त प्रयोगशाळा आणि पानभर व्याख्यान.

त्या चांगल्या कथेबद्दल कोणी काही म्हणतं का ते पाहत होते. वर्तमानपत्रात अंकाचा परिचय आला. मुखपृष्ठ कोणाचं, परिसंवाद कशावर, मुलाखत कोणाची, आणि शेवटी नेहमीचं: ‘याशिवाय अमुक, तमुक आणि ढमुक यांच्या कथाही वाचनीय आहेत.’ कथेचं नावसुद्धा नाही. वाचनीय! पाण्याला पेय म्हणावं तसं. छापलेली गोष्ट वाचता येते, एवढीच बातमी त्यात.

ही चिडचिड त्या लेखकासाठी नाही हे मला ठाऊक आहे. २०११ साली एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. ‘तावदान’. त्या वर्षीच्या ‘याशिवाय’मध्ये मी तिसरी होते, आणि माझं आडनाव चुकलं होतं.

मंगळवार

टिळकनगरला गाडीत चढलं की चार हजार शब्दांची गोष्ट साधारण मशीद बंदरला संपते. वडाळ्याला बसायला मिळालं तर थोडी आधीच. हा माझा हिशेब गेली आठ-नऊ वर्षं चालू आहे. ‘क्लार्क्सवर्ल्ड’, ‘लाइटस्पीड’, ‘स्ट्रेंज होरायझन्स’, इंग्रजी विज्ञानकथांचं जे जे नियतकालिक फोनवर फुकट मिळतं ते वाचते. हे परदेशी लोक शब्द मोजून जाती पाडतात: साडेसात हजारांच्या आत शॉर्ट स्टोरी, साडेसतरा हजारांच्या आत नॉव्हेलेट, चाळीस हजारांच्या आत नॉव्हेला. विज्ञानकथांचे ह्यूगो पुरस्कारही त्याच मापाने देतात. आधी हसू आलं होतं. आता वाटतं, हार्बर लाइनला हे माप सोयीचं आहे.

पण मला खरा हेवा वाटतो तो त्यांच्या बोलण्याचा. कथा आली की महिन्याभरात कोणी ना कोणी तिच्यावर चार ओळी लिहितं. ‘लोकस’ हे मासिक १९६८ पासून निघतं, आणि त्यात महिन्याच्या मासिकांतल्या सुट्ट्या सुट्ट्या कथा घेऊन लिहिणारे लोक आहेत. पुस्तकावर सगळेच लिहितात. सुट्टी कथा म्हणजे रस्त्यात भेटलेला माणूस, त्याचं नाव कोण लक्षात ठेवणार?

त्यांच्याकडे सुरुवातच वाचकाच्या पत्रापासून झाली. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक काढलं. पत्रांच्या पानावर लोक भांडू लागले आणि पत्ते छापलेले असल्यामुळे एकमेकांना परस्पर लिहूही लागले. पुढे दुसऱ्या एका मासिकात, ‘अ‍ॅस्टाउंडिंग’मध्ये संपादक जॉन कॅम्पबेलने वाचकांकडून कथांना क्रमांक मागवायला सुरुवात केली. पहिली कोण, शेवटची कोण, ते अंकात छापायचं. लेखकांना किती लागत असेल ते! पण निदान कळत तरी होतं.

मंगळवारचंच, झोप येत नाही म्हणून

डेमन नाइट नावाचा तरुण होता, तेविशीच्या आसपासचा. त्याने १९४५ साली व्हॅन व्होग्टच्या ‘अ‍ॅस्टाउंडिंग’मध्ये क्रमशः आलेल्या गाजलेल्या कादंबरीची एका हौशी अंकात चिरफाड केली. कथानक कुठे तुटतं, पात्रं कुठे मूर्खासारखी वागतात, सगळं मुद्देसूद. व्हॅन व्होग्ट तेव्हा नावाजलेला लेखक. १९७०मध्ये त्या कादंबरीची सुधारलेली आवृत्ती आली, तेव्हा प्रस्तावनेत त्याने या टीकेची दखल घेतली. पंचवीस वर्षांनी.

मी इतकी वर्षं कोणाला उत्तर देऊ? माझ्यावर टीकाच झाली नाही.

नाही, एकदा झाली. तळमजल्यावरच्या काकांनी केली होती. ते बेस्टच्या डेपोत होते, आता निवृत्त. अंक वाचून परत द्यायला आले आणि दारातच म्हणाले, “चांगली आहे गं गोष्ट. पण शेवटी ती बाई जाते कुठे?” मी काहीतरी गूढ हसले असणार. वाचकाने आपापला अर्थ लावायचा असतो, असंही म्हणाले असेन. आठवलं की कानशिलं तापतात.

गुरुवार

काल लिहिलं नाही. काल संध्याकाळी माटुंग्याला उतरून किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर गेले होते. साठ रुपयांना एक जुना इंग्रजी कथासंग्रह मिळाला, पाठीचा कणा सेलोटेपने बांधलेला. त्यातली दुसरी कथा बॉब शॉची, मूळ ‘अ‍ॅनालॉग’च्या ऑगस्ट १९६६च्या अंकातली. वाचत वाचत घरी आले आणि सोफ्यावर बसूनच राहिले.

तिच्यात एक काच आहे. तिच्यातून प्रकाश इतका हळू जातो की आरपार यायला त्याला वर्षं लागतात. डोंगरासमोर दहा वर्षं उभी केलेली काच शहरातल्या घराला लावली की पुढची दहा वर्षं खिडकीत डोंगर दिसतो. ही काच विकणारा एक माणूस आहे आणि त्याच्या घराच्या खिडकीत त्याची बायको आणि मूल दिसतात. ती दोघं अपघातात कधीच गेलेली असतात. बस, एवढंच. लहानशीच कथा आहे.

माझ्या ‘तावदान’मध्ये टिळकनगरची जुनी म्हाडाची इमारत पाडतात, तेव्हा एक बाई आपल्या खिडकीचं तावदान उचलून नव्या घरी आणते, आणि त्यात तिला जुनी चौथ्या मजल्यावरची खोली दिसत राहते. मी चोरी केली नव्हती. मला हे माहीतच नव्हतं. आमची इमारत पाडली तेव्हा मजुरांनी काढलेल्या खिडक्या गेटापाशी रचून ठेवल्या होत्या, त्यावरून सुचलं. पण शॉने हे पंचेचाळीस वर्षं आधी लिहून ठेवलं होतं आणि फार बरं लिहिलं होतं. हे मला २०११ सालीच कोणीतरी सांगायला हवं होतं. ‘लेखिकेची कल्पना जुनी आहे’ एवढं एक वाक्य. मी रडले असते आणि मग तो संग्रह शोधला असता.

(जाता जाता: अमेरिकेत लेने हाऊ या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने १९९९ साली अतिशीत सोडियमच्या वायूत प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत खाली आणला होता. म्हणजे ताशी साधारण ६१ किलोमीटर. रूळ मोकळा मिळाला तर आमची लोकल त्या प्रकाशाला मागे टाकेल. हे माझ्या कथेत असायला हवं होतं. नव्हतं.)

शुक्रवार

चुनाभट्टीला गाडी सात मिनिटं उभी होती. मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन इथेच, शीव-चुनाभट्टीच्या रस्त्यावर. १९६६ची संस्था. त्यांच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी उतरवून दिली होती.

हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. सगळे तो नारळीकरांच्या मिश्कीलपणासाठी सांगतात. मला आज गाडीत उभ्या उभ्या वाटलं की त्यांना खरं तर परीक्षण हवं होतं. टीआयएफआरसारख्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ठिकाणचा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ नावानिशी कथा पाठवतो, तर कोण काय बोलणार? वाचनीय म्हणणार. म्हणून त्यांनी नाव काढून घेतलं आणि कथा एकटी पाठवली. माझं उलट आहे. माझ्या नावाला वजनच नव्हतं, म्हणून कथेकडे कोणी पाहिलं नाही. दोन्हीकडे अडचण नावाचीच.

शनिवार

हाफ डे. घरी येताना काकांकडे गेले. काकू भाजी निवडत होत्या. म्हटलं, “काका, माझी एक गोष्ट छापून आली होती, तुम्हाला आठवतेय का?”

“ती काचवाली ना?”

इतकी वर्षं झाली. मी खुर्चीवर बसले.

“आठवते की. ती बाई काचेत बघते, स्वतःलाच बघते दाराबाहेर पडताना, आणि संपते गोष्ट. मी तेव्हाच विचारलं होतं, जाते कुठे ती? तू सांगितलं नाहीस.”

“मला माहीत नव्हतं, काका.”

ते मोठ्याने हसले. “मग लिहिलीस कशाला?” काकूंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. काका म्हणाले, “आणि अजून एक. तेव्हा बोललो नाही. तू ती काच पांढरी लिहिलीस. काचेची कड कधी पांढरी असते का? समोरून बघितलं तर काही नाही, पण कडेने बघ, हिरवी दिसते. मी आयुष्यभर बसच्या काचा बसवल्या. जेवढी जाड तेवढी हिरवी. तुझ्या काचेत एवढी वर्षं साठलेली, ती तर शेवाळासारखी दिसायला हवी.”

काचेतल्या लोखंडाच्या अंशामुळे तो रंग येतो, हे मी शाळेत शिकले होते. पण हिरव्या कडेचं तावदान काखेत धरून जिना चढणारी बाई मला दिसली ती आज, काकांच्या घरात. डेमन नाइटनेही याहून काय वेगळं केलं असतं? ऑफिसात आम्ही आगीच्या क्लेमवर सर्व्हेअरचा रिपोर्ट मागवतो: काय होतं, काय जळलं, काय वाचवता येईल. काकांनी तिन्ही रकाने भरून दिले, चहा संपायच्या आत.

रविवार

सकाळी उशिरा उठले. त्या फुटपाथवरच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ‘अ‍ॅस्टाउंडिंग’ची एक गंमत दिली आहे. मला ती आधी अर्धवट माहीत होती.

नोव्हेंबर १९४८च्या अंकात एका वाचकाचं पत्र छापलं होतं. नेहमीसारखं, कथांना क्रमांक देणारं. फक्त त्याने परीक्षण केलं होतं नोव्हेंबर १९४९च्या अंकाचं. वर्षभर पुढच्या, अस्तित्वात नसलेल्या अंकाचं. कथांची नावं, लेखकांची नावं, कोणती आवडली, कोणती कमी पडली, सगळं गंभीरपणे. कॅम्पबेलने ते पत्र हसून छापलं आणि मग गुपचूप त्या त्या लेखकांना कळवलं. नोव्हेंबर १९४९ उजाडला तेव्हा अंकात हाइनलाइनची ‘गल्फ’ होती, स्टर्जन होता, डेल रे होता, व्हॅन व्होग्टही होता, त्याच नावांच्या कथांसह.

आधी परीक्षण, मग कथा! हे मला कोणत्याही यंत्रमानवापेक्षा अद्भुत वाटतं. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ला फेब्रुवारी २०२३मध्ये कथा स्वीकारणं काही काळ बंद करावं लागलं होतं. यंत्राने लिहिलेल्या शेकडो कथा येऊन पडल्या होत्या. कथा ढिगाने होतात हे त्यावरून कळलंच. त्या वाचकाने मात्र कथा मागितल्या होत्या, नावानिशी.

दुपारी जेवण झाल्यावर ही वही घेऊन बसले आणि पुढच्या वर्षीच्या एका दिवाळी अंकाचं परीक्षण लिहिलं. अंकाचं नाव कोरं सोडलंय. जसंच्या तसं उतरवते:

‘यंदा अंकात पाच विज्ञानकथा आहेत. पहिला क्रमांक मी शिवडीच्या खाडीवरच्या कथेला देईन. फ्लेमिंगो एका वर्षी येत नाहीत, एवढ्यावर लेखकाने वीस पानं धरून ठेवली आहेत आणि एकदाही व्याख्यान दिलेलं नाही. दुसरी कथा विनोदी आहे. पाण्याच्या टँकरला जाणीव येते आणि तो सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतो. मध्यावर ढिली पडते, चार पानं काढली तर बरी. तिसरी कथा मला समजली नाही. दोनदा वाचली, दोष माझा असू शकतो. चौथीत पुन्हा गुप्त प्रयोगशाळा आहे, कंटाळा आला.

पाचवी तावदानाची. ही कल्पना बॉब शॉची आहे, १९६६ची, आणि लेखिकेने ते कथेतच सांगून टाकलं आहे, हे बरं केलं. काचेची कड हिरवी आहे. मधल्या भागात दुःख जरा जास्त ढवळलं आहे. पण शेवटी ती बाई कुठे जाते, ते या वेळी कळतं.’

एवढं लिहून थांबले. बहुतेक अंकांना कथा जूनअखेर द्यावी लागते. म्हणजे सात महिने. खाडीची आणि टँकरची कथा कोणी लिहील की नाही माझ्या हातात नाही, पण ऑफिसातल्या त्या नव्या मुलीला उद्या टँकरचं सांगून बघते. ती सेक्रेटरीची नक्कल छान करते.

संध्याकाळी खाली दूध आणायला गेले. काका बाकावर होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. ते म्हणाले, “मग? सापडली का ती?”

“शोधतेय,” म्हटलं.