कोपऱ्यातली लांबी

आमच्या घरी लांबी, म्हणजे लाकडातल्या फटी बुजवायचं लुकण, भरणं ही चोरी होती. बाबांनी आयुष्यभर सोलापुरात सुतारकाम केलं. आधी पूर्व भागातल्या कारखान्यांत मागांची लाकडी दुरुस्ती, आणि माग कमी व्हायला लागले तसे दारं, दिवाण, देवघरं. हाताखालच्या पोरानं सांध्यातली फट लांबीनं बुजवली तर बाबा ओरडायचे नाहीत. पटाशीनं ती लांबी उकरून काढायचे आणि पोराकडे नुसते बघायचे. तेवढं पुरायचं.

आणि इथे प्लिमथमध्ये एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी मला शांतपणे सांगितलं की ही अख्खी होडी कोपऱ्यातल्या लांबीवर उभी आहे. खाचेत बसणारा कुसू नाही, खिळा नाही. जेमतेम पाच मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या दोन फळ्या कडेला कड लावून धरायच्या आणि आतल्या कोपऱ्यात घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटसारखा दोन भाग कालवून कडक होणारा माल, गोलाई देऊन ओढायचं. याला फिलेट म्हणतात. हे ऐकून मला चक्क राग आला. इंग्लंडमध्ये मला रोज कशाचा ना कशाचा राग येतो, पण तो सहसा हवेचा किंवा उकडलेल्या भाज्यांचा असतो. हा राग माहेरचा होता.

थोडं मागचं सांगते. मी इथे नर्स आहे. शनिवारी सुट्टी असली की खाडीकाठच्या एका शेडमध्ये जाते. तिथे निवृत्त मंडळी जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करत बसतात. पहिल्यांदा आत शिरले ते भुश्श्याच्या वासामुळे, बाकी काही कारण नाही. सोलापूरच्या बाईचा आणि होडीचा संबंध काय, असं तिथेही विचारलं गेलं. आषाढीला चंद्रभागेत होडीत बसून पुंडलिकाच्या देवळापर्यंत गेलेय, एवढंच भांडवल. त्या होडीत एक पोरगा डब्यानं पाणी उपसत असायचा आणि आपण ते न बघितल्यासारखं करायचो.

शेडमधली होडी मिरर जातीची. १९६३ साली डेली मिरर या वर्तमानपत्रानं ही पुढे आणली. जॅक होल्ट हा होड्यांचा रचनाकार आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा माणूस, अशा दोघांनी मिळून ती आखली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. कापलेल्या फळ्यांचा संच घरी यायचा आणि गिरणीतला कामगार किंवा शाळामास्तर आपल्या गॅरेजमध्ये होडी जोडायचा. फळ्यांच्या कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, तार पिळून घट्ट करायची आणि सांध्यावर काचेच्या धाग्याची पट्टी रेझिननं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवानं, बसवायची. लाल शिडांच्या अशा होड्या सत्तर हजारांवर झाल्या. नौकानयन हा साहेबलोकांचा खेळ होता, तो या होडीनं कामगारवस्तीत आणला. चादरींच्या गावातली असल्यामुळे असेल, फळ्यांना टाके घालणं मला लगेच पटलं. लांबी पटेना.

त्या जुन्या होड्यांमध्ये पॉलिएस्टर रेझिन वापरलेलं असतं. ते लाकडाला मनापासून धरत नाही. पन्नास-साठ वर्षांनी पट्टी सुटते, मागे पाणी शिरतं, प्लाय काळा पडतो. म्हणून ती पट्टी गरम हवेच्या बंदुकीनं मऊ करून सोलून काढायची, लाकूड पूर्ण वाळवायचं, घासून स्वच्छ करायचं आणि सांधा इपॉक्सीनं नव्यानं करायचा. इपॉक्सी आपल्याला नवं नाही. घरातल्या खणात अर्धी पिळलेली अराल्डाइटची जोडी असतेच, टाकीच्या नळाला एम-सील लावलेलं असतंच. होडीच्या लाकडासाठी त्याचा शास्त्रशुद्ध वापर रुळवला तो अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी, १९६९ पासून. ते बर्फावरून धावणाऱ्या शिडाच्या गाड्या बनवायचे.

आता माझ्या चिडचिडीचा खरा विषय: वजनकाटा. शेडमध्ये नियम आहे की काट्यावर ठेवल्याशिवाय कुणीही इपॉक्सी कालवायचं नाही. आमच्या डब्याचं प्रमाण पाचास एक. पाच भाग रेझिन, एक भाग ते कडक करणारा हार्डनर. मी रुग्णालयात दिवसभर मिलिलिटर मोजते, सुईवरची रेघ बघते, दुसऱ्या नर्सकडून तपासून घेते. शनिवारीही तेच? चमचाभर लुकणासाठी काटा शून्यावर आणा, कप ठेवा, पुन्हा शून्यावर आणा, वहीत लिहा. वही! किती ग्रॅम, किती वाजता, शेडमध्ये तापमान किती. एकदा काट्याची बॅटरी संपली तर त्या दिवशी काम बंद. सगळे चहा पीत बसले. बारा माणसं, हातात कप, आणि कोणाच्याही डोक्यात येईना की पाचास एक हे डोळ्यांनीही कळतं. आमच्या बाबांनी सरसाचं पाणी कधी मोजलं नाही आणि त्यांचे दिवाण अजून करकरत नाहीत.

दाढीवाल्यांनी कारण सांगितलं, तेही न चिडता, हे आणखी वाईट. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर एक-दोन टक्केच लागतो. तो फक्त क्रिया सुरू करून देतो, त्यामुळे थोडा जास्त झाला तर माल लवकर घट्ट होतो, इतकंच. आपल्याकडे कूलरच्या टाक्या करणारे थंडीत दोन थेंब वाढवतात ते यामुळेच, आणि ते बरोबर आहे. इपॉक्सीत मात्र हार्डनरचा प्रत्येक कण रेझिनच्या कणाशी जोडला जाऊन त्या मालाचाच भाग होतो. जास्त घातला तर उरलेला जोडीदाराविना तसाच राहतो आणि सांधा कायमचा चिवट-मऊ राहतो. लवकर घट्ट हवं असेल तर जलद हार्डनर वेगळा मिळतो, प्रमाण तेच. हे ऐकल्यावर मी काट्याबद्दल बोलणं थांबवलं. वहीबद्दलचं माझं मत कायम आहे.

बाकी कामाला मात्र मी दाद देते. आधी पातळ, काहीही न मिसळलेलं इपॉक्सी फळीच्या कडांना ब्रशनं पाजायचं. कडेचं लाकूड तहानलेलं असतं. ते तसंच सोडलं तर वरच्या घट्ट मालातलं रेझिन शोषून घेतं आणि सांधा कोरडा पडतो. मग उरलेल्या मालात पूड घालायची. लाकडाचं बारीक पीठ घातलं की रंग जमतो, धुरासारखी हलकी सिलिका घातली की माल उभ्या फळीवरून ओघळत नाही. काचेचे सूक्ष्म पोकळ फुगे असलेलीही एक पूड मिळते. ती घासायला सोपी पण कमजोर, तिनं फक्त वरचे खड्डे भरायचे, सांधा करायचा नाही. माल घट्ट श्रीखंडासारखा झाला, चमचा उलटा केला तरी पडेना, की कोपऱ्यात भरायचा आणि गोल टोकाच्या पट्टीनं एका दमात ओढायचा. दोन्ही बाजूंना उरलेल्या बारीक कडा पातळ पात्यानं काढून घ्यायच्या. माल कडक व्हायच्या आधी, नख लावलं तर खूण उमटेल पण बोटाला चिकटणार नाही अशा वेळी, वरून काचेच्या धाग्याची पट्टी बसवायची. तेव्हा दोन थर रसायनानंच एक होतात. रात्र मध्ये गेली तर इथल्या ओल्या थंड हवेत त्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी पाण्यानं धुवायचा आणि मगच घासायचं, नाहीतर पॉलिशपेपर तो नुसता पसरवतो.

गोलाई कशासाठी, हे मला पुस्तकापेक्षा बाबांनी नीट सांगितलं. व्हिडिओ कॉलवर होडी दाखवली.

"कुसू कुठाय?"

"नाही बाबा, कुसू नसतो याला."

"खिळा?"

"तोही नाही. तार होती, ती पण कापून काढतात."

"मग धरतंय काय गं?"

मी फोन कोपऱ्यात नेला. बाबा बराच वेळ बघत होते.

"दिवाणाच्या आतल्या कोपऱ्यात आपण तिकोनी गुटका ठोकतो, तेच की हे. ओला गुटका. काटकोनात चीर जाते, गुटका असला की भार दोन्ही फळ्यांवर पसरतो. नवीन काय केलंय त्यांनी?"

एवढं ऐकून माझी मान सोमवारपर्यंत ताठ होती. शेडमध्ये जाऊन मी हे सांगितलंही. दाढीवाले म्हणाले, तुझे वडील अगदी बरोबर बोलताहेत. आणि एक भर घातली: काचेचं कापड काटकोनात बसत नाही, मागे हवा राहते, गोलाईवर ते सपाट बसतं. बाबांच्या गुटक्याला कापड लागत नाही, म्हणून हा मुद्दा आमच्याकडे कधी निघाला नाही, एवढंच.

शेडच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे जहाजसुतार आहेत. ते जाड फळ्यांच्या, फटीत कापूस आणि लुकण ठासलेल्या जुन्या बांधणीच्या होडीवर काम करतात आणि इपॉक्सीचा डबा आपल्या बाकाजवळ फिरकू देत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की त्या फळ्या पाण्यात फुगतात आणि फुगूनच फट बंद होते. त्या फटीत दगडासारखं इपॉक्सी भरलं तर फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही, मग कुठेतरी फळी तरी चिरडते नाहीतर आतली फासळी तरी मोडते. यात ते बरोबर आहेत, हे दाढीवालेही मान्य करतात. इपॉक्सी चालतं ते प्लायसारख्या फारसं न हलणाऱ्या लाकडाला. मला ते म्हातारे फार आवडतात. त्यांच्याकडे काटाही नाही.

एका नियमावर मात्र मी त्या सगळ्यांपेक्षा कडक आहे: हातमोजे. कच्चं इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर ॲलर्जी येऊ शकते, आणि ती एकदा आली की आयुष्यभराची. मग जवळ गेलं तरी हात-तोंड सुजतं. हाताला लागलेलं काढायला थिनर वापरायचा नाही, तो माल कातडीच्या आत नेतो. साबण-पाणी. हे मी शेडमध्ये मोठ्यानं सांगते आणि साठी उलटलेले साहेब मुकाट्यानं ऐकतात. अराल्डाइट बोटानं पसरवणाऱ्या आमच्या अख्ख्या खानदानालाही हे सांगून झालं, तिथे कुणी ऐकत नाही.

मामेभावाचा मेसेज आलाय. उजनीच्या काठावर त्याच्या मित्राची प्लायची छोटी होडी आहे, सांधे गळतात, तू सांगतेस ते आपल्याकडे चालेल का? चालेल, पण सोलापूरच्या हिशेबानं. इथे आम्ही दहा अंशांच्या वर तापमान यावं म्हणून हीटर लावतो. तुमच्याकडे ४३ अंशांत कपातला माल हातात असतानाच तापून धूर सोडेल. पहाटे काम करा, हार्डनर संथ जातीचा घ्या, थोडाच कालवा आणि कालवला की लगेच कपातून पसरट ताटलीत ओता, म्हणजे उष्णता साठत नाही. वरून रंग हवाच, कारण उन्हानं इपॉक्सी खराब होतं. आणि रंग पांढरा द्या. साधं इपॉक्सी ५०-६० अंशांपुढे मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात काळी रंगवलेली होडी पाण्याबाहेर उलटी टाकली तर ती त्याच्याही पुढे जाते. काटा किराणा दुकानातला चालेल.