सहा सेकंद

"दादा, माझी टर्न आली की हाक मार," म्हणत ती पाणी प्यायला उठली आणि माझ्या पोटात कालवलं.

आज दुपारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चालवत होतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ; गोष्ट मी सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. पाच खेळाडू, आठ गॉब्लिन (मी खेळवायचे छोटे राक्षस), एक मोडका पूल. या खेळात लढाईचा एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक टर्न, म्हणजे गोष्टीतले जेमतेम 6 सेकंद. आम्हाला लागली 40 मिनिटं! कोणी मंत्राचे नियम चाळतंय, कोणी चौकोन मोजतंय, आणि मी एकेका गॉब्लिनसाठी वेगळा फासा टाकतोय.

ती सगळ्यांत लहान, दुसऱ्यांदाच आलेली. वीस बाजूंचा फासा तिने केव्हापासून मुठीत धरला होता. उठताना टेबलावर ठेवला, तर घामाने ओला.

नियम एकही चुकला नाही माझा. पण ती मूठ मला दिसली नाही. निम्मे गॉब्लिन पडल्यावर उरलेले पळाले असते, तर काय बिघडलं असतं? निदान "याच्यानंतर तू, तयार राहा" एवढं तरी सांगायचं होतं.

पुढच्या रविवारी गोष्ट तिच्यापासूनच सुरू करणार आहे.

खेळ चालवणाऱ्यांनो, लढाई कुठे आवरायची हे तुम्ही कशावरून ओळखता?