वजन सारखंच, मग साखर कुठली ते कळतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते, एरवी हा प्रश्न मी दोन वाक्यांत उडवून लावते. प्रश्न असा, की ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज तिघांचा फॉर्म्युला एकच, वजन एकच, १८०.०६, आणि मास स्पेक, म्हणजे रेणू तोलणारं मशीन, बिचारं वजनच करतं, मग प्रोटीनला चिकटलेल्या साखरेच्या अख्ख्या साखळीची रचना त्यातून कशी काय काढता?

खरं सांगू का, नुसत्या वजनावरून नाहीच निघत. वजनावरून कळतं ते सामान, म्हणजे १६२.०५ वाल्या साध्या शुगर किती (साखळीत जोडताना पाणी निघून जातं, म्हणून १८० चे १६२ उरतात), २०३.०८ वाल्या नायट्रोजनच्या किती, १४६.०६ चा फ्युकोज आहे का, २९१.१० चं सियालिक ॲसिड आहे का, बास. आणि त्यातही घोळ आहेतच. दोन फ्युकोज मिळून २९२.१२ होतात. सियालिक ॲसिडवाल्या साखळीचा, जड कार्बनमुळे येणारा पुढचा पीक, म्हणजे आलेखातला सुळका, बसतो २९२.१० च्या हिशोबाने, म्हणजे फरक उरला ०.०२ चा, मशीन साधं असेल तर दोन्ही एकच दिसतात आणि सॉफ्टवेअर बिनधास्त कुठलंतरी एक नाव देऊन मोकळं होतं.

प्रोटीनवाल्यांचं बरं असतं. त्यांची माळ सरळ, आणि तिचा क्रम जीनमध्ये लिहिलेला. साखरेला असा साचाच नाही, एन्झाइम्स येतात आणि जोडत जातात, तिसऱ्या कार्बनला, चौथ्याला, सहाव्याला, अल्फा नाहीतर बीटा (म्हणजे जोडाची दिशा), वर आणि फांद्या. सहा अमिनो ॲसिडच्या माळेचे ६.४ कोटी प्रकार होतात, सहा शुगरचे रॉजर लेन यांनी १९९४ मध्ये मोजले तर आकडा एक लाख कोटींच्या वर गेला!

म्हणून मग तोडायचं. साखळीचा आयन, म्हणजे विद्युतभार दिलेली साखळी, गॅसच्या रेणूंवर आपटवायचा आणि तुकडे मोजायचे. तुकड्यांची नावं डोमन आणि कॉस्टेलो यांनी १९८८ मध्ये ठरवली, एका टोकाकडून ए बी सी, दुसऱ्याकडून एक्स वाय झेड, तीच आजही चालतात. दोन शुगरमधला बंध तुटला की बी-वाय, सी-झेड मिळतात, त्यातून क्रम लागतो. पण खरी मजा ए आणि एक्समध्ये, तिथे रिंगच फाटते आणि कुठले कार्बन कुठल्या तुकड्यात गेले त्यावरून जोड कितव्या जागी होता ते कळतं.

एक उदाहरण देते म्हणजे पटेल. अँटिबॉडीवरची साखर एन्झाइमने सोडवली की सोडियमसकट १६४७.६ ला एक पीक हमखास असतो. त्यात गॅलॅक्टोज एकच, पण फांद्या दोन, एक मधल्या मॅनोजच्या तिसऱ्या कार्बनवर, एक सहाव्या, आणि गॅलॅक्टोज कुठल्याही फांदीवर बसला तरी वजन तेच. आता हीच साखळी निगेटिव्ह मोडमध्ये, म्हणजे ऋण भार देऊन, तोडली की डी नावाचा एक आयन येतो, ज्यात मधला मॅनोज आणि फक्त सहावी फांदी असते. तो ६८८ ला आला तर गॅलॅक्टोज सहाव्या फांदीवर, ५२६ ला आला तर तिसऱ्या, बरोबर १६२ चा फरक. आणि दोन्ही आले तर सॅम्पलमध्ये दोघंही आहेत, जे बऱ्याचदा असतंच, म्हणून आधी कॉलममधून, म्हणजे मिश्रण निवडणाऱ्या नळीतून, वेगळे करून घेतलेले बरे.

पॉझिटिव्ह मोडमध्ये काम करायचं तर मी तरी आधी परमिथिलेशन करते. सगळ्या मोकळ्या ओएचवर मिथाइल चढवायचं, मग साखळी तुटली की तुटल्या जागी ओएच उघडा पडतो, १४ कमी भरतात, आणि तुकडा टोकाचा होता की मधला ते लगेच दिसतं. फक्त सोडियम हायड्रॉक्साइड एकदम कोरडं लागतं, जरा ओल राहिली की मुख्य पीकच्या खाली १४-१४ च्या पायऱ्या दिसायला लागतात आणि मग बसा. तरी हा खटाटोप करायचा, कारण न झाकलेल्या, प्रोटॉन लागलेल्या साखळीत फ्युकोज चक्क उडी मारून दुसऱ्या शुगरवर जाऊन बसतो आणि जी रचना सॅम्पलमध्ये नव्हतीच तिचे तुकडे समोर येतात.

आता जे कोणी फारसं बोलत नाही ते. पेपरमधल्या चित्रात पिवळा गोल म्हणजे गॅलॅक्टोज, हिरवा म्हणजे मॅनोज. बहुतेक वेळा ते रंग मशीनने दिलेले नसतात, मशीनने दिलं १६२.०५, रंग आपण भरले, कारण पेशीत ही साखळी कुठल्या क्रमाने बनते ते आधीपासून माहीत आहे. यात गैर काही नाही, पण काय मोजलं आणि काय गृहीत धरलं ते लिहा ना बाबांनो! नुसता बीटा १-४ जोडाचा गॅलॅक्टोज कापणारा एन्झाइम, गॅलॅक्टोसायडेज, लावून १६२ गळाले असं दाखवलं तरी तो पिवळा रंग कमावलेला होतो.

अल्फा-बीटाचं मात्र अजून अवघडच आहे. ग्राफाइटचा कॉलम वेगळे करतो, आयन मोबिलिटी आकारावरून वेगळे करते, पण वेगळे झालेल्या दोघांत अल्फा कुठला हे सांगायला बहुतेकदा स्टँडर्ड, म्हणजे रचना आधीच माहीत असलेला नमुना, हातात लागतं. ते नसेल तर एनएमआरवाल्यांकडे (चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूची रचना वाचणाऱ्यांकडे) जायचं, आणि त्यांना माल हवा असतो मिलिग्रॅममध्ये, आपल्याकडे असतात पिकोमोल, म्हणजे त्याच्या कितीतरी पट कमी.