पगाराचा आकडा आणि पगाराची खात्री

२००७ साली मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हा मानधन महिना ४००० रुपये होते. शेजारच्या वर्गावर तोच विषय, तेवढ्याच तासिका घेणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा पगार त्याच्या कितीतरी पट होता. शिक्षणसेवक योजना २००० सालची. तीन वर्षे मानधनावर काढायची आणि मग नियमित वेतनश्रेणीत जायचे. माध्यमिकचे मानधन पुढे ८००० झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून १८०००. माझी तीन वर्षे संपल्यावरही मान्यतेची फाइल अकरा महिने फिरत राहिली. त्या काळात मला सर्वांत जास्त काय बोचले, तर कमी पैसे नव्हे. ते कधी वाढतील हे घरी कुणालाच सांगता येत नव्हते, हे बोचले.

वेतन आणि समाधान यांचा संबंध पाहताना मला इंडोनेशियाचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. तेथे २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्रधारक शिक्षकांना मूळ वेतनाएवढा भत्ता मिळू लागला. त्यावरील अभ्यासात असे दिसले, की शिक्षक आपल्या उत्पन्नाविषयी अधिक समाधानी झाले, आर्थिक ताण घटला, जोडधंदा करणारेही कमी झाले. मुलांच्या गुणांत मात्र फरक पडला नाही. यावरून ‘पगार वाढवून काय उपयोग’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो मान्य नाही, कारण संध्याकाळच्या शिकवण्या सोडून घरी स्वस्थ बसता येणे ही स्वतःच एक मोठी गोष्ट आहे. (मी पाच वर्षे शिकवण्या घेतल्या, वह्या बसमध्ये बसून तपासायचो.)

आपल्याकडच्या प्रोत्साहनांचे दुखणे निराळे आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळते, पण ती सेवेची वर्षे आणि प्रशिक्षण पाहून. चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी तर मर्यादित टक्क्यांनाच. वर्गात कोण कसे शिकवतो, याचा या दोहोंशी फारसा संबंध येत नाही. त्यातच १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही, म्हणजे आमच्यासारख्यांना सेवेत आणि निवृत्तीनंतरही वेगळी पंगत. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात मीही होतो, आणि तेव्हाच्या घोषणांमागे रकमेपेक्षा ही पंगतभेदाची सल अधिक होती, असे माझे मत आहे.

आमच्याच इमारतीत टप्पा अनुदानावरच्या, म्हणजे सरकारी अनुदान टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या, दोन तुकड्या आहेत. त्यांचे शिक्षक पूर्ण वेळ शिकवतात आणि पगाराचा ठरावीक हिस्साच घेतात. महिन्याच्या सुरुवातीला पगार जमा झाल्याचे संदेश आले, की शिक्षकखोलीत आम्ही मोबाईल टेबलावर पालथे ठेवतो.