वर्षाची हळद किती?

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, डोकं खाईल ते संख्याशास्त्र. प्रत्यक्षात डोकं खाल्लं हळदीनं.

काम सांगायला सोपं. बाईच्या पोटात रोज पॉलीफेनॉल, कॅरोटिनॉइड असली वनस्पतीजन्य द्रव्यं किती जातात, याचा अंदाज देणारी प्रश्नावली बनवायची: गेल्या महिन्यात मेथी किती वेळा, किती वाट्या, वगैरे. मग ती खरी उतरते का, हे त्याच बायकांना तीन वेगवेगळ्या दिवशी 'काल सकाळपासून काय काय खाल्लंत?' असं विचारून ताडायचं. त्यातला एक दिवस रविवार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत ५२८ पदार्थांचं पृथक्करण आहे, पॉलीफेनॉलसकट. पण ते कच्च्या मालाचं. शिजल्यावर काय उरतं, हा वेगळाच घोळ.

तासगाव तालुक्यातल्या एका गावात चाळीस बायका मिळाल्या. पहिल्याच घरी चहाचा रकाना कोरा. विचारलं तर काकू म्हणाल्या, "चहा काय खाण्यात धरायचा व्हय?" दिवसाला चार कप! आणि पॉलीफेनॉलचा मोठा वाटा त्यातच. त्या दिवसापासून चहाचा प्रश्न सगळ्यात आधी.

एक चूक सर्वस्वी माझी. पहिली फेरी फेब्रुवारीत केली, दुसरी जूनमध्ये. तीच प्रश्नावली पुन्हा भरून उत्तरं जुळतात का बघायचं होतं. द्राक्षांचं काहीच जुळेना. जुळणार कुठून, फेब्रुवारीत घरात द्राक्षांच्या पाट्या आणि जूनमध्ये फार तर बेदाणे!

पालेभाजीचे आकडे बघून मात्र खूश झाले होते, प्रश्नावली आणि त्या तीन दिवसांची उत्तरं यांतला सहसंबंध (एक आकडा वाढला की दुसरा किती नेमानं वाढतो ते सांगणारं माप, जास्तीत जास्त एक) झकास आला होता. मॅडमनी ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ची पद्धत वापरून दोन्ही आकड्यांतल्या फरकांचा आलेख काढायला लावला. सगळे ठिपके शून्याच्या वर. प्रश्नावलीत प्रत्येकीनं पालेभाजी वाढवूनच सांगितलेली. सगळ्यांनीच दुप्पट सांगितलं तरी सहसंबंध एकच्या जवळ येतो, हे तेव्हा कुठे नीट कळलं.

हळद तर 'चिमूटभर'. स्वयंपाकघरातला वजनकाटा चिमटीला ० ग्रॅम दाखवतो. म्हणून एका घरी मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटीच सोमवारी वजन करून ठेवली, पुढच्या सोमवारी पुन्हा. वापर भलताच जास्त निघाला. चौकशी केली तर पोराचं ढोपर फुटलं होतं, त्यावर दोन चमचे दाबलेले. हळदीतलं पॉलीफेनॉल म्हणजे करक्युमिन, ते ढोबळमानानं तीन टक्के. तो हिशेब मी ढोपरासकट मांडून बसले होते.

शेवटी आईनं फोनवर सुचवलं, "अगं, चिमूट काय विचारतेस? उन्हाळ्यात वर्षाची हळद किती दळून आणता, ते विचार." हे माझ्या कसं लक्षात आलं नाही, देव जाणे. चिमटीला अडखळणाऱ्या त्याच काकू पटकन बोलल्या, "दोन किलो."

मी पाच माणसं, ३६५ दिवस असा भागाकार मांडायला घेतला.

"त्यातली अर्धा किलो लेकीला देतो बरं का, पुण्याला."

प्रश्नावलीत आणखी एक रकाना वाढला.